घरची बादली

१२ डिसेंबर २०२४, सणसर

ही डायरी खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिली होती. वर्ष संपत आलं तरी पानं कोरीच. छापलेल्या तारखा खोडून वापरणार आहे, वाया कशाला घालवायची?

बत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून काढली. म्हणजे डॉक्टरांनी सुई टोचायची आणि बैलाची शिंगं सिकंदर मुलाणीनं धरायची. त्या नोकरीत लिहून ठेवायची सवय लागली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज घडलं. कऱ्हाटीहून बिरदेव नावाच्या पोरगेल्या माणसानं काळ्या माशीची अंडी आणून दिली. दोन ग्रॅम. चिमूटभर रवा दिसावा तेवढी. त्यातून म्हणे हजारो अळ्या निघतात, खरकटं आणि सडका भाजीपाला खाऊन पंधरा-वीस दिवसांत बोटाच्या पेराएवढ्या होतात, आणि कोंबड्यांना घातल्या की सोयाबीन पेंड नको, सुकट नको. माझ्या दीडशे गावरान कोंबड्या आहेत. ईदपर्यंत सगळ्या अळ्यांवर आणायच्या असं ठरवलं आहे.

शेजारचा रामहरी ऊस तोडणीच्या टोळीची वाट बघत बांधावर बसला होता. म्हणाला, "शिकंदरा, लोकं दारात तुळस लावत्यात, फुलं लावत्यात. तू किडं लाव." म्हटलं, हसून घे. ईदला अंडी मागायला येशील तेव्हा बघतो.

१६ डिसेंबर

अळ्या निघाल्या. थंडीमुळं एक दिवस उशीर. इतक्या बारीक की चष्मा लावूनही आधी दिसल्या नाहीत.

बाजारातला सडका माल मोठ्या अळ्यांसाठी. बारक्यांना मऊ, बिनऔषधाचं अन्न लागतं, म्हणून घरच्या खरकट्याची वेगळी बादली केली. रोज सकाळी ताणकाट्याला लावून वजन करायचं आणि इथं मांडायचं. घरात आम्ही दोघंच, मी आणि सायराबानू. अबरार पुण्याला, अस्मा बारामतीला सासरी. दोन माणसांचं खरकटं ते काय असणार? आज बादली: ४२० ग्रॅम. त्यातही निम्मी बटाट्याची सालं.

सायरा पदर नाकाला लावून बघत होती. तिला सांगितलं की ही माशी घाणीवर बसत नाही, चावत नाही, आणि गंमत म्हणजे पंख फुटल्यावर काहीच खात नाही. अळी असताना खाल्लेल्यावर आठ दिवस जगते, अंडी घालते आणि जाते.

"काईच खात न्हाय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"बरं हाय तिचं," म्हणाली आणि आत गेली. या बाईला कशाचं कौतुक म्हणून नाही.

२२ डिसेंबर

आज भांडण. सायराचं म्हणणं, किड्यांवर वाढलेली कोंबडी आणि तिचं अंडं आपल्याला चालणार नाही. मी म्हटलं, कोंबडी उकिरड्यावर काय बिर्याणी टिपत असते? तरी हट्ट. शेवटी मशिदीत जाऊन मौलानांना विचारून आलो. ते म्हणाले, अडचण नाही, पण मनात शंका असेल तर खायच्या आधी कोंबडी तीन दिवस वेगळी बांधा आणि स्वच्छ दाणा घाला. जुनी रीत आहे.

घरी येऊन सांगितलं. सायरा म्हणाली, "मग तीन दिवस म्हंजी तीन दिवस. एक दिस कमी झाला तरी मी तोंडाला लावायची न्हाय."

बरं बाई. शेडच्या कोपऱ्यात वेगळा पिंजरा ठोकला. आत ज्वारीचं भांडं, पाण्याचं भांडं. रामहरीनं त्याला हजचा तंबू असं नाव ठेवलं.

६ जानेवारी २०२५

पहिल्या अळ्या पूर्ण वाढल्या. तयार झाल्या की या काळ्या पडतात आणि आपल्या आपण तिरप्या फळीवरून चढून डब्यात पडतात. वेचायचीही गरज नाही. कोंबड्यांना मूठभर टाकल्या तर एकमेकींच्या अंगावर चढून तुटून पडल्या. मी तिथंच उभा राहून हसत होतो. अबरारला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा, तुमी खूश हाय, बास झालं." त्याला अळ्यांचं काही नाही, पण बोलला गोड.

९ जानेवारी

बादली: ६४० ग्रॅम. कालची ५९०, परवाची ६१०. घरचं खरकटं वाढलंय. बारक्या अळ्यांची चंगळ. ही अशीच वाढली तर पुढच्या खेपेला अंडी तीन ग्रॅम घ्यायला हरकत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. रामहरीच्या कुशाबाईनं दरवर्षीप्रमाणे गुळाच्या पोळ्या पाठवल्या, तूप लावून. सायराला या पोळ्या म्हणजे जीव की प्राण. दरवर्षी माझ्या वाटणीची अर्धी तिलाच जाते. यंदा मी दोन्ही खाल्ल्या, तिनं मागितली नाही.

संध्याकाळी बादलीत तिच्या दोन्ही पोळ्या सापडल्या. कडेला एक घास मोडलेला. वाईट वाटलं, कुशाबाईला कळलं तर काय म्हणेल! पण गूळ अळ्यांना भारी मानवतो. टाकल्याबरोबर डब्यात उकळी फुटल्यासारख्या वर आल्या.

१९ जानेवारी

मन विटलं आज.

तीन दिवस पिंजऱ्यात ज्वारीवर ठेवलेला कोंबडा मी स्वतः कापला, स्वतः साफ केला. गावच्या जत्रेला बकरी कापायला अजून मलाच बोलावतात, माझा हात स्वच्छ आहे. सायराला म्हटलं, तुझ्या अटीप्रमाणे सगळं केलं, आता तुझ्या हातचा रस्सा कर. तिनं केला. वास असा की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. मला वाढलं. आणि स्वतः दारात जाऊन बसली.

"तू घे की."

"मला नगं. मळमळतं."

आता हद्द झाली. तीन दिवसांची अट हिची, मौलानांकडं पाठवलं हिनं, आणि आता मळमळतं! माझ्या कामाची शिसारी आहे तर सरळ सांग ना. मी ताटावरून उठलो. म्हटलं, आजपासून तुझ्याशी बोलणार नाही. ती म्हणाली, "आवं, जेवून तर जावा." मी ऐकलं नाही.

२३ जानेवारी

अबोला चालू. बादली: ८१० ग्रॅम. रामहरीच्या उसाला तोड आली, त्यामुळं दिवसभर रस्त्यात गाड्या.

२७ जानेवारी

अबोला मोडला. मीच मोडला, आणि कारण लिहून ठेवण्यासारखं आहे.

सकाळी बादली उचलली तर जड. ९३० ग्रॅम! वर झाकलेलं फडकं काढलं तर आत आख्खी भाकरी. तिच्याखाली भात, वांग्याची भाजी, न शिवलेली. उष्टं नव्हे, ताटात वाढतात तसं.  मग डोक्यात प्रकाश पडला. ही बाई तोंडानं नावं ठेवते, पण माझ्या अळ्यांसाठी मुद्दाम जास्तीचं रांधून गुपचूप बादलीत घालते! चाळीस वर्षांच्या संसारात हिनं कधी तोंडावर कौतुक केलं नाही. माझ्या बदलीच्या वेळीही असंच, भांडली आणि मग सगळं सामान हिनंच बांधलं.

आत गेलो. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून भांडी घासत होती. म्हटलं, "सायरा, कळलं मला बरं का."

तिचा हात थांबला. तोंड एकदम उतरलं. "काय कळलं?"

"बादलीत काय घालतीस ते. बोलायचं न्हाई आन् करायचं मातर सगळं."

माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "तुमी बी ना." मलाही भरून आलं. उगाच आठ दिवस तोंड फिरवून बसलो होतो.

४ फेब्रुवारी

आज माझा भाव वाढला. रामहरीची नात सृष्टी शेतकी कॉलेजात आहे, ती शेड बघायला आली. दीडशे कोंबड्यांत मी तिला लांबूनच बोट करून दाखवलं, ती करडी आजारी आहे. तिला पटेना. धरून पाहिली तर पोट रिकामं, छातीचं हाड हाताला लागलेलं.

"आबा, तुम्हाला कसं कळलं?"

म्हटलं, पोरी, आजारी जनावर बोलत नाही. उलट लपवतं. कोंबडी दाण्यापाशी सगळ्यांबरोबर येते, मान खाली घालते, टोचल्यासारखं करते आणि काही घेत नाही. कोण खातंय ते बघायचं नसतं, कोण खाल्ल्याचं सोंग करतंय ते बघायचं. बत्तीस वर्षांची नजर आहे ही. पोरगी वहीत लिहून घेत होती.

सायरा चहा घेऊन आली होती. उभी राहून ऐकत होती. सृष्टीच्या हातात कप देताना चहा बशीत सांडला.

१० फेब्रुवारी

सायरानं रोजे धरलेत. मागच्या रमजानात गुडघ्याच्या गोळ्यांमुळं तिचे अकरा रोजे राहिले होते, ते नव्या रमजानच्या आत पुरे करायचे असतात. म्हटलं, एक-दोन दिवसाआड धर, सलग कशाला? म्हणाली, "अंगावर राह्यलेलं बरं न्हाय."

संध्याकाळी मी शेडमध्ये असतो, ती एकटीच रोजा सोडते. दिवसभर उपाशी, तरी बादली भरलेली. ११०० ग्रॅम! माझ्या अळ्यांचा हिला विसर पडत नाही.

१८ फेब्रुवारी

दीडशेच्या दीडशे कोंबड्या अळ्यांवर आल्या. अंड्यांचा बलक शेंदरी. सोयाबीन पेंडीचं शेवटचं पोतं रामहरीच्या म्हशीला देऊन टाकलं. सायराला हे सांगायला गेलो तर ती भर दुपारी आडवी झाली होती. म्हणाली, "जरा पडले." रोज्याचा थकवा.

२४ फेब्रुवारी

अस्मा न सांगता बारामतीहून आली. दारातच आईला बघून तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "अम्मी, हे काय झालंय तुला?" तिला धरून उजेडात नेलं, बोटानं डोळ्याखालची पापणी ओढली. शेळीची मी ओढतो तशी. मीही वाकून बघितलं.

पांढरी फटक. आणि बुबुळाभोवती पिवळं.

मी रोज तिच्यासमोर बसतो. रोज.

तासाभरात बारामतीला निघालो.

२६ फेब्रुवारी, बारामती

जठरात गाठ आहे. यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टर तरुण आहेत, हळू आवाजात बोलतात. ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नाही म्हणाले. दुखू नये एवढं बघता येईल.

मग विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालं?"

अस्मानं माझ्याकडं पाहिलं. सायरा कॉटवर डोळे मिटून पडलेली. मी म्हणालो, "माहीत न्हाई, साहेब." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

२७ फेब्रुवारी

कोंबड्यांना पाणी द्यायला सकाळच्या एसटीनं सणसरला आलो. सवयीनं डायरी उघडली, आणि मागची पानं दिसली.

४२०. ६४०. ८१०. ९३०. ११००.

मी खाली बसलो. तिथं शेडमध्ये, भुशावर. डॉक्टरांनी विचारलेलं सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ती जेवली नाही तो प्रत्येक दिवस मी ताणकाट्याला लावून मोजला आणि खूश झालो. तिची भाकरी अळ्यांनी खाल्ली, अळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या, आणि शेंदरी बलक बघून मी फुशारकी मारली. सृष्टीला शिकवत होतो! आणि ती मागं चहा घेऊन उभी होती.

दुपारी डायरी घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना म्हटलं, काल खोटं बोललो, मला माहीत होतं. एकेक तारीख वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "काका, जानेवारीत आला असता तरी फार फरक पडला नसता." माझ्या समाधानासाठी म्हणाले की खरं, ते मी विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

तिला विचारलंच. सांगितलं का नाहीस?

म्हणाली, "रिटायर झाल्यापास्नं तुमी नुसतं भितीकडं बघत बसायचा. ह्या आळ्या आल्या आन् तुमी शिट्टी वाजवाया लागला. तुमास्नी ठावं तरी हाय का, तुमी शेडात शिट्टी वाजवता?"

मला ठाऊक नव्हतं.

"म्हनलं, ईद हू द्या. मग सांगू."

६ मार्च

तिला घरी आणलं. तिलाच हवं होतं. अस्मा इथंच राहिली आहे. रमजान लागलाय. आता बादलीचं वजन दिवसातून दोनदा करतो. जेवढी हलकी तेवढं बरं वाटतं. आज तिनं चार चमचे पेज घेतली. बादली: ३८० ग्रॅम. एवढ्या आनंदानं हा आकडा कधी लिहिला नव्हता.

११ मार्च

कुशाबाई येऊन बसते.  आज जाताना कुशाबाई मला म्हणाली, "भावजी, संक्रातीच्या पोळ्या तिनं टाकल्या ते मला तवाच सांगितलं हुतं तिनं. माफी मागाया आली हुती. म्हनली, पोटात ठरत न्हाय, पर ह्यास्नी नगं सांगू." म्हणजे कुशाबाईला जानेवारीपासून ठाऊक होतं. मला तिच्यावर रागावता येईना.

१७ मार्च

आज तिला जरा हुशारी वाटत होती. उशीला टेकून बसली. खिडकीतून शेड दिसतं. म्हणाली, "तुमच्या कोंबडीचं एक अंडं द्या की उकडून. बघू तरी कसलं लागतंय."

मी लगेच उठलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं मागितलं. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. म्हटलं, "थांब. तीन दिवस ज्वारीवर ठेवतो. तू म्हणली हुतीस ना, एक दिस कमी न्हाई चालायचा."

"आसू द्या आता ते. आत्ताच द्या."

"न्हाई. तुझ्यासाठी करायचं तर नीटच करायचं."

ती हसली. "बरं. तीन दिस तर तीन दिस."

सगळ्यांत चांगली तांबडी कोंबडी निवडून पिंजऱ्यात घातली. ज्वारी दोनदा पाखडली. पाण्याचं भांडं राखेनं घासलं.

१८ मार्च

कोंबडी ज्वारी खातेय. सायरानं पाणी घेतलं, पेज घेतली नाही. विचारत होती, एक दिवस झाला का.

१९ मार्च

झोपूनच आहे. संध्याकाळी दोन बोटं वर करून मला दाखवली. दोन दिवस झाले, असं.

२० मार्च

पहाटेच्या नमाजानंतर गेली. अस्माचा हात हातात होता. मी पिंजऱ्यापाशी होतो. अंडं नुकतंच घातलं होतं, हातात गरम होतं. अस्मानं हाक मारली.

२५ मार्च

तीन दिवस चूल पेटली नाही. शेजारपाजाऱ्यांनी डबे पाठवले. अबरार येऊन परत गेला, अस्मा ईदपर्यंत आहे.

अंडं कोनाड्यात ठेवलंय. बादलीत टाकायला हात होत नाही.

मला अन्न जात नाही. पहाटे सहरीला उठतो, अस्मा वाढते, ती नमाजाला वळली की ताट बादलीत. इफ्तारला तेच. दिवसभर रोजा आहे म्हणून कोणी विचारत नाही. काल बादली उचलताना हाताला वजन कळलं. १०६० ग्रॅम. हेच तिनं केलं होतं, अगदी असंच, आणि मी तेव्हा काटा हातात घेऊन उभा होतो.

आज संध्याकाळी शेडमधून आलो तर अस्मा काटा घेऊन ओट्यावर बसलेली. पुढ्यात डायरी उघडी. तिनं सगळी वाचली होती. डोळे सुजलेले.

"अब्बा, आजपास्नं वजन मी करनार," म्हणाली. "आन् तुमी माझ्यासमोर बसून जेवनार."

बांग झाली. तिनं खजूर दिला. मग कोनाड्यातलं अंडं घेतलं, वाटीभर पाण्यात सोडून बघितलं. बुडालं. चांगलं होतं. उकडलं, सोललं, मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं. मी नको म्हणालो. ती हलली नाही, माझ्या तोंडाकडं बघत बसली. कोण खाल्ल्याचं सोंग करतंय ते बघायचं, हे तिनं याच डायरीत वाचलंय.

खाल्लं. सगळं खाल्लं.

सायरा, अंडं चांगलं होतं गं. तू मागितलंस तेव्हाच द्यायला पाहिजे होतं.